रोज घाम गाळूनही डंबेल तेवढेच जड! ताकद वाढत का नाही?

संथचाल:
वय ४६. बऱ्याच महिन्यांपासून घरीच व्यायाम करते आहे, आठवड्याचे पाच दिवस. व्हिडिओ लावते, रोज नवा. एक दिवस उड्या, एक दिवस डंबेल, एक दिवस नुसतं पोट. घाम भरपूर येतो, दुसऱ्या दिवशी अंगही धरतं. पण सुरुवातीला घेतलेले ५ किलोचे डंबेल आजही तेवढेच जड लागतात. दमते तर रोज, मग ताकद का वाढत नाही? की या वयात आता वाढतच नाही?

धडाधड:
वयाचा संबंध नाही. स्नायूंना सतत चकवत राहायचं, नाहीतर त्यांना सवय होते. रोज नवा प्रकार करताय ते बरोबरच आहे, फक्त जोर वाढवा.

वजनकाटा:
धडाधड, इथे मात्र असहमत. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हे ‘चकवणं’ रोज ऐकते. अहो, सवय व्हायलाच तर हवी! पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती बरीचशी मज्जासंस्थेची कमाई असते. कुठले स्नायू कधी आणि किती आवळायचे हे शरीर शिकतं. स्नायू जाड व्हायला त्यानंतर वेळ लागतो. रोज नवी हालचाल म्हणजे रोज पहिला धडा.

संथचालताई, दमणं आणि ताकद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिने पळत चढलं तरी माणूस दमतो. अंग दुखण्याचंही तेच. अनोळखी हालचाल केली की एक-दोन दिवसांनी दुखतं, सरावाची केली की कमी दुखतं. तुमचं अंग दर आठवड्याला दुखतंय ते बहुतेक रोजच्या नवेपणामुळे. त्याला प्रगती समजू नका.

आमच्या व्यवसायात थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरचं नाव निघतंच. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना त्या काळी हलकी वजनं भरपूर वेळा उचलायला लावत. यांनी उलट केलं: वजन जड, आवर्तनं मोजकी. आणि ताकद वाढेल तसं वजनही वाढवत न्यायचं. १९४५ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला. पुढे १९४८ च्या सुमारास दहा-दहाचे तीन सेट (सेट म्हणजे न थांबता सलग केलेली आवर्तनं) अशी सुटसुटीत पद्धत मांडली, ती आजही जिममध्ये चालते. यातला मुद्दा दहा या आकड्याचा नाही, वाढवत नेण्याचा आहे.

तुमच्यासाठी आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरेत, मध्ये किमान एक दिवस सोडून. प्रकार चारच: बसून उठणं (स्क्वॉट), कंबरेतून वाकून वजन उचलणं (डेडलिफ्टचा हलका प्रकार), ढकलणं (पुशअप, सुरुवातीला टेबलाच्या कडेवर हात टेकून) आणि ओढणं (डंबेल रो, म्हणजे वाकून एका हाताने डंबेल कंबरेकडे ओढणं). प्रत्येकाचे तीन सेट, मध्ये दोन मिनिटं खरोखर बसायचं. सेट संपताना ‘अजून दोन-तीन जमले असते’ असं वाटलं पाहिजे. ‘अजून पंधरा जमले असते’ वाटत असेल तर तो सेट ताकदीच्या खात्यात फारसा जमा होत नाही.

आणि वही ठेवा. तारीख, वजन, किती वेळा. मागच्या वेळी रो ५ किलोने नऊ वेळा केला हे माहीत नसेल तर आज दहा कशासाठी करणार?

पोटाच्या दिवसाबद्दल बोलत नाही. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही, एवढंच.

संथचाल:
वही आजच काढते. पण अडचण अशी की ५ नंतर थेट ७.५ चा डंबेल मिळतो आणि तो मला दोनदाही धड उचलता येत नाही.

वजनकाटा:
साहजिक आहे, ती एकदम ५० टक्क्यांची उडी आहे! बारबेलवर (दोन्ही टोकांना वजनं लावायचा लांब दांडा) ४० चे ४२.५ केले तर जेमतेम सहा टक्के वाढतात. म्हणून लहान वजनात आधी आवर्तनं वाढवायची. पाचानेच आठ वेळा, मग नऊ, असं करत तिन्ही सेटमध्ये पंधरापर्यंत जा. तरी ७.५ झेपला नाही तर ५ नेच खाली येताना तीन सेकंद लावा. रो मध्ये ७.५ लवकर येईल, हात बाजूला उचलायच्या प्रकारात कदाचित कधीच येणार नाही, आणि त्यात काही बिघडत नाही. सगळे प्रकार एका वेगाने वाढत नाहीत.

धडाधड:
बरं, चकवण्याचं मागे घेतो :) पण प्रोटीनचं कुणी बोललंच नाही.

वजनकाटा:
बोलू की. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दिवसाला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीनपर्यंत फायदा दिसतो, त्यापुढे फारसा नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा सोडा, डॉक्टरांना विचारा.

जुनीगुडघी:
साठी ओलांडलेली मी. वजनं उशिरा सुरू केली तरी ताकद वाढली, तेव्हा ४६ ची काळजी सोडा. फक्त घाई नको: स्नायू लवकर तयार होतात, स्नायुबंध (टेंडन) मागून रेंगाळत येतात, आणि दुखणं तिथेच उपटतं. शिवाय जोर लावताना श्वास कोंडू नका, उचलताना सोडा. बीपी असेल तर हे आधी शिका, वजन नंतर.