जुनी कार्बन रोडबाईक ८५ हजाराला, त्यावर अपग्रेड... सातारच्या घाटांसाठी घ्यावी का?

घाटचढ्या:
मंडळी, लांबण न लावता सांगतो. पुण्यात एकाकडे कार्बन फ्रेमची रोडबाईक आहे, रिम ब्रेकवाली म्हणजे ब्रेक चाकाच्या कडेलाच धरणारे, गिअर शिमानो १०५ आर ७००० म्हणजे ११ स्पीड, दात पुढे ५०-३४ आणि मागे ११-२८, साईज माझीच. ८५ हजार सांगतोय. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच जाईल. माझ्याकडे आत्ता ॲल्युमिनियमची आहे, शिमानोच्याच खालच्या क्लॅरिस गिअरवाली, ८ स्पीड, चार वर्षं तिच्यावर यवतेश्वर, कास, ठोसेघर आणि महिन्यातनं एकदा मेढ्यावरनं महाबळेश्वर चाललंय. आता माझं मत असं की तेवढ्या पैशात नवी घ्यायला गेलो तर परत ॲल्युमिनियमच पदरात पडणार, मग जुनी का होईना कार्बन घ्यावी आणि पुढे जमेल तसं अपग्रेड करत जावं, आधी कार्बन व्हील्स, मग सिरॅमिक बेअरिंग, मग १०५ च्या वरचे उल्टेग्रा गिअर. बायको म्हणते एवढ्यात जुनी स्कूटर येते. तिचं चुकत नाही, पण स्कूटरवर यवतेश्वर चढण्यात काय गंमत आहे. बोला.

लोखंडी घोडा:
नको घेऊस. वय ५८, आयुष्य काळ्या घोडा सायकलवर गेलं आणि नंतर चांगल्या रोडबाईकही चालवल्या, तेव्हा जुन्या जमान्यातला म्हणून मोडीत काढू नकोस. लोखंड आपटलं की वाकतं, ॲल्युमिनियमला पोचा पडतो, डोळ्याला दिसतं. कार्बनला वरनं रंग झकास आणि आतनं थर सुटलेले असू शकतात. पसरणी उतरताना पन्नासच्या स्पीडला पुढचं चाक धरणारा फोर्क गेला तर पाचगणीत परत वर जाऊन कुणाला सांगणार आहेस? आणि फ्रेमची लाईफटाईम वॉरंटी म्हणतात ती मोठ्या कंपन्या पहिल्या मालकालाच देतात. तू दुसरा. तुला शून्य.

कमानी हौद:
काका, अर्धं बरोबर, अर्धं भीती घालणं. पोच्याचं पटलं, पण ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं हादरे खाऊन थकतं, त्याला असा कुठला सुरक्षित ताण नाही की ज्याच्या खाली ते कितीही काळ टिकेल. कार्बन त्या बाबतीत उलट फार चिवट. त्याचा शत्रू म्हणजे आपटणं आणि चेपणं. म्हणजे पडलेली सायकल, नाहीतर कुणीतरी गाडीच्या कॅरियरला टॉप ट्यूबवर म्हणजे फ्रेमच्या वरच्या नळीवर क्लॅम्प आवळलेला, नाहीतर मेकॅनिकने स्टँडला सीटपोस्टऐवजी टॉप ट्यूब धरलेली.

घाटचढ्या भावा, बघायला जाशील तेव्हा दिवसाउजेडी जा, पार्किंगच्या ट्यूबलाईटखाली नको. सायकल धुऊन ठेव म्हणून आधीच सांग. हेड ट्यूबच्या मागची बाजू, बॉटम ब्रॅकेट म्हणजे पायडलच्या आसाच्या भोवती, तिथनं मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या म्हणजे चेनस्टे, सीट क्लॅम्पच्या खाली, इथे केसासारखी रेघ दिसते का बघ. नुसता रंग उडालेला असेल तर नखाला कडा लागते पण बोटाने दाबल्यावर काही हलत नाही, खालचं फुटलेलं असेल तर कधीकधी दाबल्यावर बारीक करकर येते. रुपयाचं नाणं घेऊन हळूहळू ठोकत जा, टणटणीत आवाज अचानक बोदा झाला की संशय घे. जाड थराच्या जागी आवाज तसाही बदलतो, म्हणून डाव्या-उजव्या बाजूची तीच जागा ताडून बघायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्टेम म्हणजे हँडल धरणारा तुकडा काढून फोर्क बाहेर ओढ. फोर्कची वर जाणारी नळी, स्टीयरर ट्यूब, कार्बनची असेल तर स्टेमचे बोल्ट बेताल आवळून तिथेच चेपलेली असते आणि ती जागा वरनं कध्धीच दिसत नाही. विकणारा फोर्क काढू देत नसेल तर त्याचा चहा पिऊन परत ये.

पान्हा नंबर १५:
मी माझ्या दोन्ही सायकलींचं काम घरीच करते, त्यामुळे हातानं बघितलेलं सांगते. सायकल घ्यायला माझी हरकत नाही, तुमच्या अपग्रेडच्या यादीला आहे. ती यादी उलटी आहे हो.

आधी वजन. तुमची आत्ताची आणि ही, फरक धरा २ किलो. तुम्ही, सायकल, बाटल्या मिळून ८५ किलो असाल तर हा सव्वादोन-अडीच टक्के झाला. उभ्या चढाला वेळ साधारण वजनाच्या हिशोबात बदलतो, म्हणजे अर्ध्या तासाच्या चढाला जास्तीत जास्त चाळीसेक सेकंद. तेही ताकद तेवढीच लावली तर.

आता गिअर. ३४ ला मागे २८ म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की सायकल अडीच मीटर जाते, मागे ३४ चा दात असेल तर साधारण २ मीटर १० सेंटीमीटर. यवतेश्वरच्या वळणावर गुडघ्याला हा फरक कळतो, २ किलो कळत नाहीत. म्हणून पहिला खर्च कॅसेट, म्हणजे मागच्या दातचक्रांचा संच. पण त्याआधी विक्रेत्याला मागच्या डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या, आतल्या बाजूचा फोटो मागा, त्यावर एसएस आहे की जीएस ते छापलेलं असतं. आर ७००० चा छोट्या पिंजऱ्याचा एसएस ३० दातांपर्यंतच, लांब पिंजऱ्याचा जीएस ३४ पर्यंत. एसएस निघाला तर डिरेलर पण बदलावा लागेल, चेन तर लांब लागेलच. आणि ११-३४ ची एचजी ७०० कॅसेट ११ स्पीडच्या रोड हबवर बसवताना मागे १.८५ मिमीचा स्पेसर घालायचा असतो, तो विसरून कॅसेट खुळखुळते म्हणून लोक हबला शिव्या देत बसतात.

कार्बन व्हील्स तर रिम ब्रेकला अजिबात नकोत, निदान आपल्याकडे. १०० मीटर उंची उतरताना ८५ किलोची जी ऊर्जा ब्रेकने मारावी लागते ती सुमारे ८३ किलोज्यूल, तेवढ्यात लिटरभर पाणी २० अंशांनी तापेल. काही वाटा वारा खातो हे मान्य, पण मागे एसटी आणि पुढे पर्यटकांची गाडी असं ब्रेक धरून हळूहळू उतरलं की वाऱ्याचा वाटा कमीच. ॲल्युमिनियमची रिम ती उष्णता पसरवून सोडते, कार्बनमध्ये ती तिथेच साचते आणि थर चिकटवणारं रेझिन मऊ पडलं की रिम फुगते. पावसाळ्यात ओल्या कार्बनवर ब्रेक किती लागतात ते वेगळंच.

सिरॅमिक बेअरिंगवर बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

घाटचढ्या:
ताई, हिशोब एकदम पटला, पण सगळं सेकंदात मोजायचं का? हौस म्हणून काही आहे की नाही. सकाळी दार उघडल्यावर सायकल बघूनच बाहेर पडावंसं वाटलं पाहिजे. चार वर्षं क्लॅरिसवर सगळ्यांच्या मागून समर्थ मंदिरापासून वर गेलोय.

लोखंडी घोडा:
मागून जातोस ते क्लॅरिसमुळे व्हय रे? रविवारी कासला जाऊन काय काय खातोस ते बघितलंय मी.
हौसेला मोल नाही हे खरं, पण हे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला होणार. ८५ हजार सायकल, मग कॅसेट, चेन, डिरेलर, टायर, केबल, बार टेप. लाखाच्या वर गेलास की नाही बघ.

कमानी हौद:
कोंबडी येणार हे माहीतच होतं. काका, नव्या सायकलला पण टायर झिजतात. मला तर उलट वाटतं की १०५ ची ११ स्पीड ही आपल्यासारख्यांना पुरून उरते, उल्टेग्राला जायची गरजच नाही, शिफ्टिंग जवळपास तेच, मुख्य फरक काही ग्रॅमचा. ती सायकल घे, २८ मिमी रुंदीचे टायर बसतात का बघ, जुन्या रिम ब्रेक फ्रेमला बऱ्याचदा २५ च्या वर जागा नसते आणि बोगद्याच्या पुढचे खड्डे बघता २५ म्हणजे दातखिळी.

शाहूपुरी एक्सप्रेस:
एक मुद्दा कुणी काढला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरनं ५ टक्क्यांवर आलाय. नवीन घेणाऱ्याला तेवढं स्वस्त, मग जुन्याचा भाव पण उतरायला पाहिजे की. विकणारे मात्र जुन्या बिलाच्या अर्धे धरूनच बसलेत. घासाघीस कर.

घाटचढ्या:
काल जाऊन आलो. फोर्क काढून बघितला, स्टीयरर स्वच्छ. नाणं वाजवून बघितलं, तो माणूस माझ्याकडे असा बघत होता जसा मी नारळ निवडतोय. डिरेलर जीएस निघाला, ताई. चेनला गेज लावला तर ०.७५ टक्क्यांच्या पुढे ताणलेली, म्हणजे चेन गेलीच, कॅसेटही बदलायचीच होती. सगळं जमत आलं आणि सीट खाली करायला गेलो तर सीटपोस्ट हलेनाच! २७.२ मिमीचा गोल, ॲल्युमिनियमचा, फ्रेममध्ये गच्च. तो म्हणे लॉकडाऊनमध्ये घरात ट्रेनरवर खूप चालवली, तेव्हापासून हलवलाच नाही, आणि ब्लोअरने गरम करू म्हणून आणायलाच निघाला होता, मी थांबवलं. सीटची उंची मला एक सेंटीमीटर जास्त आहे. आता काय?

पान्हा नंबर १५:
थांबवलंत ते देवासारखं केलंत. ट्रेनरवरचा खारट घाम आत उतरला, ॲल्युमिनियम आणि कार्बन एकमेकांना चिकटून ओले राहिले की ॲल्युमिनियम गंजतं आणि ती पांढरी पूड फुगून पोस्ट जाम करते. गरम केलं तर ॲल्युमिनियम प्रसरण पावून आणखी घट्ट बसणार आणि कार्बनचं रेझिन खराब होणार ते वेगळं. थंड करा. क्लॅम्प पूर्ण काढा, क्लॅम्पखालच्या फटीतून पेनिट्रेटिंग ऑईल सोडा, रात्रभर ठेवा, मग वर दिसणाऱ्या पोस्टला मीठ न घालता बर्फ बांधा आणि सीट धरून हळूहळू पिळा. हिसका मारायचा नाही, फ्रेम तडकते. आणि हे काम विकणाऱ्याने करायचं, तुम्ही नाही. पोस्ट निघाल्याशिवाय पैसे नाहीत.

लोखंडी घोडा:
लॉकडाऊनपासून जाम आहे म्हणजे तेव्हापासून कुणी सर्व्हिसिंगचं तोंड बघितलेलं नाही. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, हेडसेट सगळं तसंच असणार. सोड.

कमानी हौद:
मी म्हणतो हाच तुझा हुकमाचा पत्ता, आता वीस हजार तोड.

घाटचढ्या:
उशिरा लिहितोय, माफी. तीन दिवस ऑईल आणि बर्फाचा खेळ करून त्यानेच पोस्ट काढला, आत ताई म्हणाल्या तशी पांढरी पूड. ६८ हजाराला सौदा झाला. नवीन पोस्ट कार्बन पेस्ट लावून टॉर्क रेंचने ५ न्यूटन मीटरला बसवला, कॅसेट आणि चेन बदलली, २८ चे टायर बसेनात म्हणून २५ च. व्हील्स आहेत तीच ठेवलीत, ताई. बायकोला आकडा सांगितलाय, अर्धा.
आज सकाळी समर्थ मंदिरापासून वर गेलो. ३४ च्या दाताने खरंच जीव वाचवला. पण उभं राहून जोर लावला की प्रत्येक फेऱ्याला खालून कट् कट् आवाज येतोय.

लोखंडी घोडा:
प्रेसफिट बीबी का?

घाटचढ्या:
हो काका, आट्यांचा नाही, दाबून बसवलेलाच.

लोखंडी घोडा:
😄

पान्हा नंबर १५:
काकांच्या हसण्यावर जाऊ नका, बीबी लगेच ठोकून काढू नका. आधी पायडल काढून ग्रीस लावून परत बसवा, चेनरिंगचे बोल्ट बघा, मागच्या चाकाचं क्विक रिलीज आवळा. त्यानंतरही वाजलं तर रविवारी घेऊन या, प्रेस माझ्याकडे आहे.