घड्याळातले वॅट आणि धावण्याचा पेस यांवर कितपत विसंबावे?

घाटवाट

नमस्कार. सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या तयारीसाठी मी आठवड्यातून तीन दिवस पुणे विद्यापीठाच्या आवारात धावतो आणि रविवारी सायकलने सिंहगड करतो. दोन महिन्यांपूर्वी मध्यम किमतीचे जीपीएस घड्याळ घेतले, तेव्हापासून दोन गोष्टी खटकत आहेत. दाट झाडांखाली शिरलो की पेस (एका किलोमीटरला लागणारी मिनिटे आणि सेकंद) ५:४० वरून थेट ६:३० वर जातो आणि मोकळ्यावर येताच ५:०५ दाखवतो, पाय मात्र एकाच लयीत पडत असतात. दुसरे म्हणजे, सायकल फेरी संपल्यावर ॲप जे सरासरी वॅट दाखवते, ते सिंहगडाच्या चढापुरते पटण्याजोगे असतात. परतीच्या सपाट रस्त्यावर मात्र सारख्याच मेहनतीला एका रविवारी ११० आणि दुसऱ्या रविवारी १७० असे आकडे येतात. उपग्रहांचे संदेश दोन फ्रिक्वेन्सींवर घेणारे महागडे घड्याळ घेतले तर हे दोन्ही प्रश्न सुटतील का?

तेलकट साखळी

वॅटचा प्रश्न कोणत्याही घड्याळाने सुटणार नाही, कारण सायकलचे वॅट घड्याळ मोजतच नाही. वॅट मोजणारा खरा पॉवरमीटर पेडल, क्रँक (पेडल जोडलेला दांडा) किंवा मागच्या चाकाच्या हबमध्ये (मधल्या तुंब्यात) बसतो. आपण जोर लावला की तिथला धातू अगदी किंचित वाकतो, ते वाकणे मोजून टॉर्क (फिरवणारा जोर) काढला जातो आणि त्याला फिरण्याच्या वेगाने गुणले की वॅट मिळतात. घड्याळ हा आकडा रेडिओवरून घेते, दाखवते आणि साठवते, एवढेच.

तुमचे ॲप जे देते तो वेग, चढ आणि वजन यांवरून बांधलेला अंदाज आहे. चढावर तो का जुळतो, हे साध्या गणिताने दिसते. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो धरले आणि एका तासात ६०० मीटर उंची चढलात, तर निव्वळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १३१ वॅट लागतात, आणि वेग कमी असल्याने वाऱ्याचा वाटा किरकोळ राहतो. सपाटीवर सगळा खेळ वाऱ्याचा असतो. वारा पडलेला असताना ताशी २७ किमी वेगाने जाणाऱ्या सर्वसाधारण सायकलस्वाराला हवा कापण्यासाठी अंदाजे ९० वॅट लागतात, पण समोरून ताशी ९ किमीची झुळूक आली की तोच वेग राखायला जवळजवळ १६० लागतात. अशी झुळूक आपल्याला धड जाणवतही नाही आणि ॲपला तर तिचा पत्ताच नसतो. समोरच्या वाऱ्याने तुमचा वेग घटला की ॲप समजते, गडी आज आळसावला. पाठीमागून वारा आला की तेच ॲप शाबासकी देते. मित्राच्या मागे चिकटून चालवलीत तरी हीच गत होते.

पहाटेचा पळपुटा

पेसबद्दल माझा अनुभव सांगतो. ५:३० च्या पेसने धावणारा माणूस सेकंदाला जेमतेम तीन मीटर पुढे सरकतो, त्यामुळे पानांआडून कमकुवत होऊन किंवा भिंतीवरून परावर्तित होऊन आलेल्या उपग्रहाच्या संदेशामुळे जागा मीटरभर इकडे-तिकडे झाली तरी त्या क्षणाचा पेस पार विस्कटतो. हा गोंधळ झाकण्यासाठी घड्याळ आकडे सरासरीने गुळगुळीत करते, आणि म्हणून वेग बदलल्यावर ते काही सेकंद मागे राहते. तात्कालिक पेसचा रकाना काढून टाका आणि त्याजागी चालू लॅपचा (टप्प्याचा) सरासरी पेस लावून दर किलोमीटरला आपोआप लॅप पडू द्या. बऱ्याच चुका एकमेकींना खाऊन टाकतात. ४०० मीटरचे तुकडे करायचे असतील तर सरळ ट्रॅकवर जावे, पहिल्या लेनमधून धावावे आणि वेळ तेवढी पाहावी.

तुमच्या शर्यतीतल्या यवतेश्वर घाटात तर पेस हा निकषच चुकीचा आहे. चढताना ५:४० धरण्याचा हट्ट केलात तर वरच्या वळणापर्यंत दम संपेल आणि उतरताना मांड्या बोलतील. तिथे हृदयगती आणि श्वास यांवरच चालावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक अवांतर: शर्यतीत घड्याळाने २१.४ किमी दाखवले म्हणून आयोजकांशी भांडू नये. प्रमाणित मार्ग वळणांच्या सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेला असतो, आणि गर्दीत त्या रेषेने कोणीच धावत नाही.

एल-पाच

दोन फ्रिक्वेन्सींच्या घड्याळाचा झाडांखाली आणि उंच इमारतींमध्ये फरक पडतो, हे मान्य करावे लागेल. १,५७५.४२ मेगाहर्ट्झच्या जोडीला १,१७६.४५ चा संदेश मिळाला की परावर्तित लहरी ओळखणे सोपे जाते. तरीही त्याने प्रामुख्याने नकाशावरची रेघ सुधारते. तात्कालिक पेस स्थिर हवा असेल तर बुटाला लावायचा, पावलांवरून वेग काढणारा फूटपॉड कमी पैशांत अधिक काम करतो. मात्र तो आधी ट्रॅकवर जुळवून घ्यावा लागतो.

घाटवाट

सर्वांचे आभार. लॅपचा पेस लावून आज तीच फेरी केली; सहाही किलोमीटर ५:३६ ते ५:४४ मध्ये आले, म्हणजे पाय खरे बोलत होते. नवीन घड्याळाचा बेत रद्द केला आहे. त्या पैशांत केवळ डाव्या क्रँकचा पॉवरमीटर येतो, तो घ्यावा का?

तेलकट साखळी

घ्या, पण आधी तुमचे घड्याळ सायकलचा पॉवरमीटर स्वीकारते की नाही, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत तपासा. कमी किमतीच्या अनेक घड्याळांत ती सोयच नसते. एकतर्फी मीटर डाव्या पायाचा आकडा दुप्पट करतो. तुमचा डावा पाय ४६ टक्केच काम करत असेल, तर १०० वॅटच्या जागी ९२ दिसतील. स्वतःचीच स्वतःशी तुलना करायला ते चालते, मित्राच्या आकड्यांशी नाही. प्रत्येक फेरीआधी सायकल बाहेरच्या हवेत दहा मिनिटे उभी करून शून्य जुळवून घ्या, कारण तापमान बदलले की धातूचे वाचन सरकते. सरासरीत शून्य धरण्याचा पर्यायही चालू ठेवा, नाहीतर सिंहगडाच्या उतारावर पाय थांबलेले असतानाची मिनिटे गळून पडतील आणि सरासरी फुगलेली दिसेल.