शब्दचर्चा : गिटार आसा, पण आस नाय

वेंगुर्लेकर
एक शब्द हवाय. खरं तर दोन.

दोन हंगामांच्या हापूसचे पैसे बाजूला ठेवून जूनमध्ये मुंबईहून अकूस्टिक गिटार आणली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाजवणारी माणसं ते नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात, एवढं पुरे. पुढची फळी सिटका स्प्रूसची, मागची आणि बाजूच्या शिसवीच्या, सगळं भरीव लाकूड, प्लायवूड कुठेही नाही. तुतारी एक्स्प्रेसने लेकरासारखी मांडीवर घेऊन कुडाळपर्यंत आणली. घरी येऊन पाय धुतले, पेटी उघडली, जी कॉर्ड वाजवली आणि काहीच झालं नाही.

वाईट वाजत नाही हो. वाईट वाजली असती तर परत तरी केली असती. सुरात लागते, कुठे खरखर नाही, तार फ्रेटला घासत नाही. पण आवाज निघतो आणि निघाल्या जागीच बसतो. माझी जुनी आठ हजारांची गिटार याहून मोकळी वाजते असं माझ्या कानाला वाटतं, आणि तसं मोठ्याने म्हणायची चोरी.

तर (१) अशा आवाजाला आपल्या भाषेत काय म्हणतात? आणि (२) सगळं जग जिची वाखाणणी करतं ती वस्तू आपल्याला भावली नाही की जे वाटतं, त्याला शब्द कोणता? निराशा नको. घरात कोणी वारलेलं नाही.

देवगडचा
बडा घर पोकळ वासा.

वेंगुर्लेकर
अहो, गिटार पोकळच असते.

राजापूरचे मास्तर
दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे चार शब्द एकमेकांच्या जागेवर बसलेले दिसतात.

हिरमोड होतो तो उत्साहाचा. पोरं समुद्रावर निघाली आणि सर आली, झाला हिरमोड. त्यात कोणाचा दोष नसतो आणि रात्रीच्या जेवणापर्यंत तो टिकत नाही. अपेक्षाभंगात हिशेब आहे: इतके मोजले, तितकं पदरात पडलं नाही. हा शब्द तक्रारअर्जात शोभतो. विरस व्हायला आधी रंग चढावा लागतो. भजनाची डबलबारी ऐन रंगात आलीय आणि वीज गेली, तर तो विरस. तुमच्याकडे रंग चढलाच नाही, मग उतरणार कुठून?

राहिला भ्रमनिरास. लोक याचं नातं निराशेशी लावतात, काही जण तर 'भ्रमनिराश' असंही लिहितात. निरास म्हणजे दूर सारणं, काढून टाकणं. शंकानिरसनातलं निरसन याच धातूचं. म्हणजे भ्रमनिरासात माणूस निराश होत नाही, भ्रम निघून जातो. खरं तर पेढे वाटायची गोष्ट, पण आपण तो शब्द तोंड पाडून वापरतो.

तेव्हा वेंगुर्लेकर, तुमचा नक्की भ्रम गेलाय का? की गिटार चांगलीच आहे आणि तुमच्या घरात बोलत नाही? तसं असेल तर हा शब्द खर्च करायची घाई नको.

माहेरवाशीण (सध्या ठाणे)
मन खट्टू होणं का नको?

लग्नात मानाची साडी येते. घडी उघडली आणि रंग आवडला नाही, पण देणारी समोर बसलेली, सगळ्या बायका 'किती सुंदर' म्हणतायत. आपणही म्हणतो, छान आहे हं. त्या रात्री आई म्हणायची, जरा मन खट्टू झालं. हिरमोड चेहऱ्यावर दिसतो, खट्टू झालेलं मन घडीत ठेवून देता येतं. तुमच्या 'म्हणायची चोरी'त हेच आहे ना?

राजापूरचे मास्तर
माझे चारही शब्द मागे घेतो.

वेंगुर्लेकर
ताई, नेमकं. दुकानात मी 'वा' म्हणालो होतो, तेही दोनदा. आता पहिला प्रश्न राहिला.

कॉलेजातला
आम्ही सरळ वॉर्म, ब्राइट, मड्डी म्हणतो. मराठीच हवं असेल तर ऊबदार, उजळ, गढूळ.

वेंगुर्लेकर
ऊबदार गोधडी असते. आणि जुलैत इकडे ऊबदार म्हटलं की चुलीवरच्या दोरीवर वाळत घातलेले, धुराचा वास मारणारे टॉवेल आठवतात. गढूळ मात्र पटला. पावसातल्या विहिरीसारखा: पाणी भरपूर, तळ दिसत नाही.

देवगडचा
टोनला मराठी शब्द आहे की. संगीताच्या परीक्षेला नादाचे तीन गुण पाठ केले होते: लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जाती. तोच सूर, तेवढाच मोठा, तरी पेटी कुठली आणि बासरी कुठली हे ज्यावरून कळतं ती नादाची जाती. आता दुकानात जाऊन 'या गिटारीची जात कोणती' असं विचारून बघा, म्हणजे हा शब्द पुस्तकातच का राहिला ते कळेल.

कुडाळचा तबलेवाला
उशिरा आलो, भजनाच्या तालमी चालू आहेत. शब्द भरपूर आहेत, पण प्रत्येकाचा रोग वेगळा. आधी रोग ओळखा.

बद्द आवाज. मडकं घेताना बोटाच्या पेराने ठोकतात. खणखणीत वाजलं तर नीट भाजलेलं, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे. मडक्यात बद्द हा दोष. फणसात मात्र उलटं: कच्चा टणटण वाजतो, बद्द वाजायला लागला की पिकला, उतरवा. तेव्हा बद्द म्हणताना समोर मडकं आहे की फणस हे सांगावं लागतं. गिटार मडक्याच्या बाजूची. बद्द वाजत असेल तर आतली एखादी पट्टी सुटलीय का, फळीला तडा आहे का, ते बघायचं. तुमचं वर्णन तसं नाही.

कोंडलेला आवाज. आत आहे, बाहेर पडत नाही. सतारीला बंद जवारी (जवारी म्हणजे तारेची झणझण) म्हणतात त्याच्या आसपासचं, पण सतारीत बंद जवारी ही आवड असते, दोष नव्हे. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा किती आणि कसा घासायचा यावर जवारी उघडी की बंद ते ठरतं, आणि ते करायला मिरजेचे हात लागतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही.

तिसरा शब्द आस. तंबोऱ्याची एक तार छेडली, बोट उचललं, पुढची तार छेडेपर्यंत मागे जे भरून राहतं ती आस. आघात सगळेच ऐकतात. वाद्याची किंमत आघात संपल्यावर कळते. तुम्ही लिहिलंत 'निघाल्या जागीच बसतो', म्हणजे आघात आहे, आस नाही. माझं मत विचाराल तर तुमचा शब्द हाच.

आता कारण, कारण मला गप्प बसवत नाही. तबला पावसात उतरतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. चामडं ओल धरतं, सैल पडतं, मग हातोडी घ्या आणि गट्टे ठोका. लाकूडही ओल धरतं, फक्त ते सांगत नाही. गिटार बनवणारे साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सांगतात. आपल्याकडे जुलैत ८५-९० म्हणजे कोरडा दिवस. पुढची फळी पातळ असते, ती पाणी पिऊन आडवी फुगते, पोट काढते, तारा वर उचलल्या जातात. जड झालेली फळी थरथरायला आळस करते. पहिली मरते ती आस. दुकानात एसी होता ना? तुम्ही तिथे कोरडी गिटार ऐकलीत आणि घरी ओली वाजवताय.

आणि कोणी सांगितलं तरी हलगीसारखी शेकवू नका. चामडं शेक सोसतं, सरसाने जोडलेलं लाकूड सोसत नाही.

मालवणी मुलगी
म्हंजे गिटार आसा, पण आस नाय.

माहेरवाशीण (सध्या ठाणे)
😂 चर्चेचं शीर्षक बदला.

राजापूरचे मास्तर
बाहेरच्यांसाठी खुलासा: मालवणीत 'आसा' म्हणजे आहे. प्रमाण मराठीत दोन 'आस' चांगलेच वेगळे आहेत. चाकाचा आस, पृथ्वीचा आस, तो पुल्लिंगी. वाट बघणारी आस स्त्रीलिंगी, आणि तबलेवाल्यांची गाण्यातलीही स्त्रीलिंगी. 'तंबोऱ्याचा आस' असं कोणी लिहिलं तर मला बैलगाडी दिसते.

या दोन स्त्रीलिंगी आसांचा वापरही मिळताजुळता आहे. दोन्ही 'असते', 'राहते', 'सुटते', आणि दोन्ही वस्तू हातातून गेल्यावरच्या. 'आस लागली' मात्र फक्त मनाला म्हणतात. गिटारीला आस लागली म्हटलं तर ती कोणाची तरी वाट बघतेय असा अर्थ होईल.

मालवणी मुलगी
बघीत असतली. मे म्हयन्याची.

देवगडचा
एक शंका. वाजवणारा गिटारीच्या मागे असतो. आवाज पुढे जातो. वेंगुर्लेकरांनी स्वतःची गिटार समोर बसून कधी ऐकलीय का?

कॉलेजातला
आणि तारा? खाऱ्या वाऱ्यात माझ्या तीन आठवड्यांत काळ्या पडतात. दुकानातल्या तारा किती महिने खोक्याबाहेर होत्या कोणास ठाऊक. फॉस्फर ब्रॉन्झ टाकून बघा. वॉर्म वाजतात (सॉरी, गोधडीसारख्या).

वेंगुर्लेकर
बारा दिवसांनी लिहितोय, कारण सगळं करून बघितलं.

गिटार पेटीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक. पहिल्या दिवशी काटा ८४ वर. पुड्या ओल्या झाल्या की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा आत. आई विचारते, रव्याचे लाडू का? चौथ्या दिवसापासून काटा ६०च्या खाली. नव्या तारा टाकल्या. मग भाच्याच्या हातात दिली, त्याला पडवीत बसवलं आणि मी अंगणाच्या कडेला, पागोळ्यांच्या पलीकडे छत्री घेऊन उभा राहिलो.

सगळ्यात जाड तार त्याने एकदाच छेडली. जूनमध्ये मी ती पाच आकड्यांपर्यंत मोजली होती. या वेळी नऊ झाले, दहाव्याला पावसाने घेतली. आणि समोरून ऐकताना आवाजाला एक पोट आहे, जे मागे बसून मला कधी कळलं नव्हतं. माझ्या घरात छप्पर कौलाचं, भिंत चिऱ्याची, दारं उघडी. आवाज परत येऊन मला सांगणार तरी कसा? दुकानातली खोली तो लगेच परत करत होती.

आणखी एक गंमत. मागची फळी शिसवीची, आणि आजोबांचा पलंगही शिसवी. म्हणजे आपल्या देशातलं लाकूड जहाजात बसून अमेरिकेला गेलं, गिटार होऊन परत आलं आणि आता इथल्या ओलीला नाकं मुरडतंय. २०१७ मध्ये या जातीच्या सगळ्या लाकडांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. पलंगाला कोणी काही विचारलं नाही. तो बिचारा सत्तर पावसाळे करकरतोय.

तर मास्तर, भ्रमनिरास नाही, हे ठरलं. तबलेवाले, शब्द तुमचाच घेतला. 'आस कमी आहे' असं परवा मुंबईच्या दुकानदाराला फोनवर म्हणालो, तो म्हणाला, काय कमी आहे? मग बराच वेळ मीच त्याला समजावत होतो.

ताई, मन मात्र अजून थोडं खट्टू आहे. गणपतीत जुनी गिटार भाच्याला द्यायचं कबूल केलं होतं, ते सध्या पुढे ढकललंय.