बऱ्याच काळाने वजनं उचलतेय – सेट संपला की अंधारी येते, धाप लागते

बारबेलबाई
नमस्कार मंडळी. वय ४६. पूर्वी बरीच वर्षं नेमाने वजनं उचलायचे. ८० किलोचे स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन उठाबशा) माझ्यासाठी रोजचेच होते. मग खांदा धरला, मागोमाग कामाचा रगाडा, आणि बघता बघता दोन-अडीच वर्षं बारला हात लागला नाही. आता पुन्हा सुरुवात केलीय. तीही बेताने, ४० किलोपासून.

पायांना हे वजन जाणवतसुद्धा नाही, पंचाईत तीच आहे. सेट आरामात होतो. बार रॅकवर ठेवला की दोन-चार सेकंदांत नजरेच्या कडा काळवंडतात, कानांत गुंई होतं, कपाळावर गार घाम येतो आणि रॅकचा खांब धरून उभं राहावं लागतं. पडले नाहीये अजून, पण आता पडणार असं दर वेळी वाटतं. डेडलिफ्टलाही (जमिनीवरून बार उचलायला) तेच. बायसेप्सला किंवा खांद्याच्या हलक्या व्यायामाला असलं काही नाही. धाप मात्र सगळ्यालाच लागते, आणि ती लवकर बसत नाही.

ट्रेनर म्हणतो, "अशक्तपणा आहे मॅडम, प्रोटीन वाढवा." हे त्याचं सगळ्यांसाठीचं उत्तर आहे. मी उलट्या दिशेला जाते आणि रात्री अंथरुणात हृदयविकारापर्यंत पोचते. कुणाला असं झालंय का?

लोखंडप्रेमी
एकच प्रश्न. सेट चालू असताना श्वास कुठे असतो तुमचा? मोबाईलवर एक सेट शूट करून बघा, तोंडाकडे. बार नव्हे, तोंड.

फिजिओ_ताई
लोखंडप्रेमींनी बरोबर जागी बोट ठेवलंय. थोडं सविस्तर सांगते.

श्वास कोंडून कुंथलं की छातीतला दाब वाढतो आणि रक्तदाब क्षणभर भलताच चढतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८५ साली शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट नळी घालून तो मोजला होता. दोन्ही पायांच्या लेग प्रेसला सरासरी ३२०/२५० भरला, एकाचा तर ४८०/३५० च्याही वर गेला. हे आकडे वाचून घाबरू नका, ती अगदी कमाल मेहनतीची वेळ होती. तुमचा प्रश्न चढण्याचा नाही, उतरण्याचा आहे. कोंडलेल्या छातीत हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. बार ठेवून तुम्ही श्वास सोडता, दाब धाडकन खाली येतो, त्यात मांड्यांमधल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि तुम्ही खांब धरून स्तब्ध उभ्या. पायांतलं रक्त वर ढकलायला पोटऱ्या आणि मांड्या हलाव्या लागतात. मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडतं, म्हणून अंधारी. बायसेप्सला येत नाही, कारण तिथे एवढं कुंथावं लागत नाही आणि एवढे मोठे स्नायूही कामाला लागत नाहीत.

आता खंडाबद्दल. व्यायाम सुटला की पहिल्या काही आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग घटायला लागतो, आणि दमही त्याबरोबर जातो. ताकद त्यामानाने बराच काळ टिकते. म्हणून मांड्या म्हणतात "हे तर किरकोळ", आणि हृदय म्हणतं "थांब जरा". तुमच्या ४० किलोंचा हिशोब मांड्यांनी केलाय.

करायचं असं: खाली जाताना श्वास घ्या, वर येताना अर्ध्यापासून पुढे तोंडाने फुंकर घातल्यासारखा सोडा. प्रत्येक रेपला, म्हणजे एकेका उठाबशीला, नवा श्वास. दोन सेटमध्ये निदान तीन मिनिटं, आणि त्या वेळात जागच्या जागी पावलं टाकत राहा. अंधारी आलीच तर बाणा दाखवत उभं न राहता खाली बसा किंवा आडवं व्हा, पाय बाकावर. बार पाठीवर असतानाच आली तर सेट तिथेच संपला. रॅकच्या आडव्या सळ्या योग्य उंचीला लावलेल्या असू द्या, त्या त्यासाठीच असतात.

निवांत_५८
मध्येच घुसतो, माफ करा. मलाही हेच होतं, पण बाकावर आडवा झालो किंवा कूस वळवली की. खोली गरागरा फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते. शिवाय रक्तदाबाची गोळी चालू आहे. व्यायामाच्या दिवशी गोळी चुकवली तर चालेल?

फिजिओ_ताई
नाही! गोळी स्वतःच्या मनाने चुकवायची नाही. काही गोळ्यांनी उठताना दाब उतरतो हे खरं, पण वेळ किंवा मात्रा बदलायची ती डॉक्टरांनी. आणि डोकं ठरावीक दिशेला वळवल्यावर खोली फिरते ते बहुधा कानाच्या आतलं प्रकरण असतं. डोकं विशिष्ट पद्धतीने फिरवून त्यावर उपचार होतो, कान-नाक-घसावाल्यांना दाखवा. बारबेलबाईंचं वेगळं आहे, त्यांची खोली फिरत नाही, दिवे मंद होतात.

बारबेलबाई
शूट केलं. तीन रेप्स एकाच श्वासात! ओठ घट्ट मिटलेले आणि चेहरा लालबुंद. जड वजनाच्या दिवसांतली सवय असणार, तेव्हा पट्टा बांधून असंच शिकवलं होतं. फुंकर घालायला लागल्यापासून अंधारी जवळपास गेली. धाप तशीच आहे. जिन्याचे दोन मजले चढले तरी छाती धडधडते, हे लिहायचं राहिलं होतं.

रात्रपाळी_डॉक्टर
जिना महत्त्वाचा. स्क्वॉटची धाप "सवय गेली" म्हणून सोडून देता येते, दोन मजल्यांची नाही. पाळी जास्त जाते का? या वयात बऱ्याच जणींची जाते, आणि त्या ते सांगण्यासारखं समजत नाहीत. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करून घ्या. बाईमाणसात १२ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. थायरॉइड आणि ईसीजीही त्याच खेपेत उरका.

बाकी वाचणाऱ्यांसाठी: व्यायाम *चालू असताना* शुद्ध हरपणं, छातीत दाटून येणं, कळ जबड्यात किंवा हातात जाणं, ठोके चुकणं, बरेच दिवस पडून राहिल्यावर एकाच पायाला सूज आणि अचानक दम, घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं, यातलं काहीही असेल तर इथे धागा काढत बसू नका. दवाखाना गाठा.

लोखंडप्रेमी
आणि जोशात पहिल्याच आठवड्यात जुन्या वजनावर जाणाऱ्यांनी लघवीचा रंग बघावा. कोलासारखी गडद झाली आणि अंग ठणकत असेल तर स्नायू तुटून मूत्रपिंडावर ताण आलाय. मग थेट डॉक्टर.

बारबेलबाई
हिमोग्लोबिन ९.४. फेरिटिन तळाला. ईसीजी आणि थायरॉइड ठीक. पाळीचं विचारलंत ते बरं झालं, मी ते धरतच नव्हते. स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतलीय. लोहाच्या गोळ्या सुरू. डॉक्टर म्हणाले हलकं चालू ठेवा, दम लागेल तिथे थांबा. सध्या नुसता २० किलोचा बार. शेजारचा पोरगा माझ्यासमोर ६० मारतो आणि मला टिप्स देतो. देऊ दे.

गोळीने पोट बिघडतंय, एक दिवसाआड घेतली तर?

रात्रपाळी_डॉक्टर
एक दिवसाआडही दिली जाते, पण तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. गोळीच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी नको, लोह नीट शोषलं जात नाही. हिमोग्लोबिन जागेवर आलं म्हणून लगेच बंद करू नका, साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. शौचाचा रंग काळपट होईल, तो गोळीचाच.