लांब पल्ल्याच्या कॅम्पेनला जग कोणतं घ्यावं, भरगच्च की मोकळं?

नकाशेबहाद्दर
डंजन्स अँड ड्रॅगन्सची नवीन कॅम्पेन सुरू करतोय, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवत अनेक बैठका चालणारी एकच गोष्ट. एल्फ, बुटके, ड्रॅगन, पडके किल्ले असं नेहमीचंच जग सगळ्यांना हवंय, त्यावर वाद नाही. घोडं अडलंय ते या खेळासाठी छापलेल्या दोन तयार जगांपैकी कोणतं घ्यायचं, फरगॉटन रेल्म्स की ग्रेहॉक, इथे. खेळाडूंचा ओढा रेल्म्सकडे, माझा ग्रेहॉककडे. खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने 1980 मध्ये ग्रेहॉकचं जे पहिलं पुस्तक काढलं ते जेमतेम 32 पानांचं. सोबत दोन भागांचा भलामोठा नकाशा, त्यावरचा एकेक षटकोन 30 मैलांचा. राज्यांची नावं, कोणाचं कोणाशी वैर, फौज साधारण किती, एवढं सांगून पुस्तक गप्प बसतं. त्या 30 मैलांत काय दडलंय ते डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, ठरवायचं. रेल्म्समध्ये कुठेही जा, आधीच कोणीतरी बिऱ्हाड थाटून बसलेलं असतं.

अर्धाएल्फ
रिकाम्या जागेचं कौतुक ठीक आहे हो, पण ती भरणार कोण? नोकरी सांभाळून खेळ चालवणाऱ्याला तेवढी सवड नसते. एड ग्रीनवूड रेल्म्सचं जग लहानपणापासून रचत आला होता, 1987 मध्ये ते पुस्तकं-नकाशांच्या पेटीतून सगळ्यांच्या हाती आलं. एवढी आयती मेहनत का नाकारायची? रेल्म्समधल्या वॉटरडीप शहरात चोराचा पाठलाग भलत्याच वस्तीत शिरला, तरी तिथे कोणत्या घराण्याचं चालतं हे पुस्तकात सापडतं.

नकाशेबहाद्दर
सापडतं, पण पाठलाग थांबवून शोधावं लागतं! शिवाय आमच्यातल्या एकाने रेल्म्सच्या कादंबऱ्या कोळून प्यायल्यात. गावावर संकट आलं की त्याचा प्रश्न ठरलेला: मग एल्मिन्स्टर (तिथला अतिबलाढ्य जादूगार) काय करतोय?

तळघरवासी
एल्मिन्स्टरला दुसरीकडे आग लागलीये म्हणायचं आणि पुढे जायचं. त्यात काय एवढं! माझी तक्रार वेगळी आहे. रेल्म्सचं घड्याळ आपल्या हातात राहत नाही. 2008 मध्ये खेळाची चौथी आवृत्ती आली तेव्हा काळ सुमारे 100 वर्षं पुढे ढकलला, स्पेलप्लेग नावाचं जादूचं अरिष्ट आणून देशच्या देश उलथेपालथे केले. ज्यांची कॅम्पेन जुन्या काळात रंगात आली होती त्यांना नवी पुस्तकं काय कामाची? हार्न नावाचं जग काढणाऱ्यांनी हे फार शहाणपणाने केलंय. त्यांचं अधिकृत साहित्य त्या जगातल्या 720 सालापाशी थांबतं, पुढचा इतिहास ज्याच्या त्याच्या टेबलावर. एबेरॉन नावाचं आणखी एक जगही त्याच्या 998 सालाच्या पुढे सरकत नाही, पण तिथे विजेवर पळणारी आगगाडी आहे, त्यामुळे तुमच्या यादीत ते बसणार नाही.

अर्धाएल्फ
आणि ग्रेहॉक काय धुतल्या तांदळासारखं आहे? 1991 मध्ये ग्रेहॉक वॉर्स नावाची युद्धं आणून त्याचाही नकाशा बदललाच की.

नकाशेबहाद्दर
बदलला. म्हणून तर मी ग्रेहॉकमधलं 576 साल धरतोय, 1980 च्या पुस्तकातलं. 2024 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये नमुन्याचं जग म्हणून ग्रेहॉक दिलंय, तेही त्याच सालातलं.

खजिनदार ड्रॅगन
तुम्ही दोघं खंडांवरून भांडताय. सुरुवातीला एक गाव आणि एक गुहा पुरते. 1979 च्या 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स' या छापील साहसातली गढी आठवा. आत किल्लेदार आहे, लोहार आहे, खानावळवाला आहे, आणि नाव एकालाही नाही. लोहार तो लोहार. नावं डीएमने द्यायची. जग त्यातूनच वाढत जातं, विकत कशाला घ्यायचं?

अर्धाएल्फ
ते पहिल्या बैठकीपुरतं. कोणी पुजाऱ्याचं पात्र घेतलं की पहिला प्रश्न येतो, माझा देव कोणता? माझ्या टेबलावरच्या एका मुलीने लॅथँडर, म्हणजे पहाटेच्या देवाबद्दल अर्धं पान वाचलं. तेव्हापासून ती रात्रीचा शेवटचाच पहारा मागते आणि सूर्य वर येईपर्यंत कोणाशी बोलत नाही. एकदा ऐन पहाटे छावणीत गॉब्लिन घुसले. ही गुडघ्यावर, प्रार्थना अर्धवट सोडायला तयार नाही, आणि आमचा योद्धा एकटा चिखलात तलवार शोधतोय! तो प्रसंग मी सात जन्मात लिहू शकलो नसतो. जगाने दिला.

नकाशेबहाद्दर
प्रसंग भारीच. पण जगाने नाही, अर्ध्या पानाने दिला. ग्रेहॉकमध्येही पेलर आहे, सूर्याचाच देव. तेवढं पान मी लिहून देईन, बाकी चारशे पानं तुम्हीच ठेवा.

अर्धाएल्फ
ती चारशे पानं होती म्हणून तिला निवडायला तीसेक देव मिळाले. तुम्ही एक लिहून दिलात तर ती निवड तिची कशी?

तळघरवासी
मुद्दा बिनतोड आहे. देवांची यादी तरी आख्खी द्या. आणि ग्रेहॉकच घेणार असाल तर हॉमलेट गावापासून सुरुवात नको, तिथली पडकी गढी जुन्या खेळाडूंना तोंडपाठ असते.

नकाशेबहाद्दर
हॉमलेट नाहीच. रॅटिक घेतोय, ईशान्येचं चिमुकलं राज्य. पश्चिमेला डोंगर, पूर्वेला समुद्र, दक्षिणेला बोन मार्च हा मुलूख, आणि तो ऑर्क टोळ्यांनी कधीच गिळलेला. देवांची यादी देतो, हे मान्य.

अर्धाएल्फ
बोन मार्चमध्ये सध्या हुकूम कोणाचा चालतो ते ठरवलंय का? पहिल्याच बैठकीत विचारतील.