'प्रॉडक्टिव्हिटी'ला मराठीत काय म्हणावं?

पेठकर_अनु:
प्रोग्रामरांचं काम कसं मोजतात यावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. मी 'उत्पादकता' लिहिलं, संपादकांनी सगळीकडे 'कार्यक्षमता' केलं. घोडं अडलंय एका किश्शापाशी. १९८२ साली अ‍ॅपलच्या लिसा संगणकाच्या प्रकल्पात, आठवड्यात कोडच्या किती ओळी लिहिल्या ते फॉर्मात भरा, असं फर्मान निघालं. बिल अ‍ॅटकिन्सनने नेमका तेव्हा क्विकड्रॉचा, म्हणजे पडद्यावर चित्रं काढणाऱ्या कोडचा, एक भाग नव्याने लिहिला. वेग जवळपास सहापट झाला, ओळी दोनेक हजारांनी घटल्या. पठ्ठ्याने भरलं : उणे २०००. मग उणे काय झालं, उत्पादकता की कार्यक्षमता?

कोडगा:
कार्यक्षमता म्हणजे एफिशिअन्सी, संपादकांना कळवा. उत्पादकता म्हणजे श्रमांमागे निघालेला माल. पण ओळ हा मालच नव्हे. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राने १९८८ मध्येच लिहून ठेवलंय, ओळी मोजायच्याच तर त्या खर्ची पडल्या असं धरून मोजा. म्हणजे अ‍ॅटकिन्सनने बचत केली!

सुमन_ना:
एवढे जड शब्द कशाला? आमच्याकडे 'उरक' म्हणतात. "धाकटीला कामाचा उरक आहे." उरणे वरूनच आला असणार, काम संपवून वेळ उरतो तो उरक.

भाषाभिमानी:
सुमनताई, व्युत्पत्ती अशी कानाने ठरत नसते. उरकलं की काहीच उरत नाही! शिवाय 'उरकणे'ला हलका वास आहे. लग्न उरकलं, श्राद्ध उरकलं. पारिभाषिक शब्द तत्समच हवा.

कोडगा:
वास आहे म्हणून तर 'उरक' चपखल. तिकिटं, म्हणजे नोंदवलेली कामं, मोजायला लागलात की लोक तिकिटं उरकतात. स्टोरी पॉइंट, म्हणजे काम केवढं त्याचे अंदाजी गुण, मोजा, तीनचं काम पुढच्या स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या पुढच्या टप्प्याला, पाचचं होतं. डोरा या सॉफ्टवेअर टीमच्या कामगिरीवरच्या संशोधनाच्या मूळ चार आकड्यांत म्हणूनच रिलीज किती वेळा आणि बदल किती लवकर यांच्या जोडीला, किती बदल फसले आणि सावरायला किती वेळ लागला, हेही बघतात. आणि ते टीमचे आकडे आहेत, एकेकट्याच्या पगारवाढीचे नव्हेत. आमच्या साहेबांना हे कोण सांगणार!

सुमन_ना:
बघा, उरक असणं वेगळं आणि उरकून टाकणं वेगळं. तत्सम शब्दात हा फरक दाखवा बरं.

पेठकर_अनु:
लेखात 'मॅन-मंथ'ही आहे, म्हणजे एका माणसाचं महिनाभराचं काम. माणसं वाढवून महिने कमी होत नाहीत, हे 'द मिथिकल मॅन-मंथ' लिहिणाऱ्या ब्रूक्सचं १९७५ चं म्हणणं. 'मनुष्यमास' चालेल?

भाषाभिमानी:
उत्तम. शुद्ध समास.

कोडगा:
आणि छापताना 'मा'वर अनुस्वार पडला तर?

सुमन_ना:
😂 रोजगार हमीच्या कागदांत 'मनुष्यदिन' असतं. तसं 'मनुष्यमहिना' करा.

भाषाभिमानी:
'महिना' फारसी. संकर होईल.

कोडगा:
मग पगार महिन्याला घेता की मासाला?