१९ महिन्यांचा मुलगा हाकेला बघतच नाही, काय करू?

सिडकोची_आई: नावाने कितीही हाका मारा, ढुंकून बघत नाही, पण मोबाईलवर जाहिरातीची धून लागली की आतल्या खोलीतून पळत येतो, म्हणजे कान तर ठीक असणार ना? शब्द एकच, "मम्मम". बिस्कीट हवं असलं की माझं मनगट धरून नेतो, हात डब्यावर ठेवतो, पण माझ्या तोंडाकडे बघत नाही. सासूबाई म्हणतात ह्याचा बाप पण तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता.

पंचवटीकर: टेन्शन नका घेऊ ताई, माझा पुतण्या अडीचला बोलला, आता तोंड बंद होत नाही त्याचं. मोबाईल बंद करा, बस.

आत्याबाई: मोबाईलचं बरोबर, पण "बोलेल हो" म्हणून बसू नका. भाच्याच्या वेळी डॉक्टरांनी शब्दांचं फार विचारलंच नाही, विचारलं की बोट दाखवतो का. हवं म्हणून नाही हं, नुसतं दाखवायला, म्हणजे गॅलरीतून विमान दिसलं की बोट करून आईकडे वळून बघतो का, की बघ ना. दीड वर्षापर्यंत हे यायला हवं, टाटा करणं, खोटा खोटा चहा पाजणं पण. नुसती चाकं फिरवतो एवढ्यावरून घाबरू नका, ते बरीच मुलं करतात. येत असलेले शब्द गेले असतील तर मात्र लगेच दाखवा.

गंगापूररोड_२२: मी स्पीच थेरपिस्ट आहे. धून ऐकून येतो म्हणजे कान ठीकच असं नाही, काही आवाज ऐकू येतात काही नाही असंही असतं. आधी ऐकण्याची टेस्ट करा, बेरा सांगतील, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते बघणारी टेस्ट, मूल झोपलेलं असताना करतात. पीडियाट्रिशियनकडे एम-चॅट मागा, ऑटिझमची शंका आहे का ते बघायचा फॉर्म, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीच आहे, हो-नाहीचे २० प्रश्न, आईबाबांनीच भरायचे. स्कोअर जास्त आला म्हणजे ऑटिझमच असं नाही, पुढे नीट तपासायचं एवढंच. खर्चाचा प्रश्न असेल तर सिव्हिलला डीईआयसीबद्दल विचारा, मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासून थेरपी देणारं केंद्र, सरकारी आहे. आणि निदानाचा कागद यायची वाट न बघता थेरपी सुरू करता येते, हे कोणी सांगतच नाही.

सिडकोची_आई: बोट तर अजिबात नाही दाखवत 😔 सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. पण बेराला झोपवायचं कसं, हा दुपारचा झोपतच नाही?

गंगापूररोड_२२: त्या दिवशी पहाटेच उठवा, आणि जाताना रिक्षात डुलकी लागू देऊ नका. नाहीच झोपला तर डॉक्टर सिरप देतात, घरून काही पाजून आणू नका.